वाळू पुष्कळ आहे, स्फटिक कोण वाढवणार?

कोल्हापूरच्या गुजरीत एखाद्या सोनाराच्या पेढीमागे काम कसे चालते हे पाहण्याची संधी मिळाली, तर ती दवडू नका. पुढे काचेच्या कपाटात साज, ठुशी, पुतळीहार मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक तेवढेच पाहून परतते. मागे कारागीर दोन तुकडे झाळत बसलेला असतो. सांध्यावर तो आधी पाण्यात कालवलेली एक पांढरी पूड लावतो आणि मग ज्योत धरतो. पूड फसफसते, फुगते, मग वितळून काचेसारखी पसरते आणि तिच्याखालून झाळ सांध्यात सरसर धावते. ही पूड म्हणजे टाकणखार. कुणी तिला सवागी म्हणतात. तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ती बोरॅक्स या नावाने येते. हुपरीच्या चांदीकामातही पैंजणांच्या कड्या जोडायला पिढ्यान्‌पिढ्या हीच पूड लागत आली आहे.

सवागी तेथे नेमके काय करते? दागिन्याच्या सोन्यात थोडे तांबे असते. ते तापले की हवेतील ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर ऑक्साइडाचा पातळ थर चढतो आणि त्या थरावर झाळ धरत नाही. वितळलेली सवागी हा थर स्वतःत विरघळवून घेते आणि खालचा धातू उघडा पडतो. ज्यांनी प्रयोगशाळेत बोरॅक्स-मण्याची परीक्षा केली असेल, त्यांना हा गुण ओळखीचा आहे. प्लॅटिनमच्या तारेच्या वेढ्यात सवागीचा काचमणी करावा, त्याला कोबाल्टच्या क्षाराचा कण लावून पुन्हा तापवावे, की मणी निळाभोर होतो. कोबाल्टचे ऑक्साइड त्या काचेत विरघळलेले असते. धातूंची ऑक्साइडे पोटात घेण्याचा हा गुण लक्षात ठेवा. पुढे हजार अंशांच्या भट्टीत तो पुन्हा भेटणार आहे.

जाता जाता एक गंमत. संस्कृतातला ‘टंकण’ हा शब्द मलाय भाषेतून प्रवास करीत युरोपात गेला आणि तेथे ‘टिंकल’ झाला. तिबेटातली कच्ची सवागी शतकानुशतके हिमालयाच्या घाटवाटांनी भारतात उतरत असे आणि येथून पुढे जगात जात असे. लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांच्या काठी ती आजही सापडते.

आता तोच दागिना हॉलमार्क केंद्रात जातो. २०२१ पासून सोन्याच्या प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक कोरावा लागतो. तो छिन्नीने नव्हे, लेसरच्या झोताने कोरतात. या कामासाठी बहुधा जो लेसर वापरतात, त्याच्या काचतंतूत इटर्बियम नावाचे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेले असते. इटर्बियम हे विरल मृत्तिका गटातले. वर्तमानपत्रे याच गटाला दुर्मिळ मृदा म्हणतात. गटात एकूण १७ मूलद्रव्ये आहेत आणि ‘दुर्मिळ’ हे नाव तसे फसवे आहे. त्यांतले सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकेच आढळते. दुर्मिळ आहे ती त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याची हातोटी. ती सारी भावंडे रासायनिक गुणांनी इतकी सारखी आहेत, की ‘डिडिमियम’ हे एकच मूलद्रव्य आहे असे रसायनशास्त्रज्ञ चाळीसएक वर्षे मानत होते. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या आउअर फोन वेल्सबाख याने त्यातून निओडिमियम व प्रासिओडिमियम अशी दोन मूलद्रव्ये निराळी काढून दाखवली. स्वीडनमधल्या इटर्बी या एका लहानशा गावाने तर इट्रियम, टर्बियम, अर्बियम व इटर्बियम अशी चार नावे दिली आहेत!

म्हणजे एकाच दागिन्याला बोरॉन भेटते ते कारागिराच्या हातून आणि विरल मृत्तिका भेटते ती यंत्राच्या पोटातून. या दोघांना एकाच स्फटिकात बसवले तर? असे स्फटिक आहेत. इट्रियम-ॲल्युमिनियम बोरेट हा त्यांतला एक नामांकित. लेसरच्या प्रकाशाचा रंग पालटण्यासाठी आणि खुद्द लेसर म्हणूनही असे स्फटिक वापरता येतात. या लेखात त्यांची माहिती देणार आहेच. पण माझे एक म्हणणेही आहे, ते आधीच सांगून टाकतो. असे स्फटिक आपल्याकडे फारसे तयार होत नाहीत याचे कारण खनिजाची टंचाई नव्हे. स्फटिक वाढवणे हे हाताने शिकण्याचे काम आहे, आणि शाळेत आपण ते कोणालाच शिकवीत नाही. कोल्हापूरसारख्या गावात हे विशेष खटकते. का, ते पुढे येईलच.

आधी रंग पालटण्याविषयी. मिरवणुकीत किंवा जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यात तुम्ही लेसरचा हिरवा झोत पाहिला असेल. हिरव्या लेसर-टॉर्चचा जो प्रकार अनेक वर्षे सर्रास विकला गेला, त्यात हिरवा प्रकाश मुळात तयारच होत नाही. आत निओडिमियम घातलेला एक स्फटिक असतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश निघतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पुढे दुसरा स्फटिक असतो. त्यातून जाताना या प्रकाशाचा काही भाग ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा होतो. तरंगलांबी बरोबर निम्मी झाली, म्हणजे कंप्रता, दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, दुप्पट झाली. संगीताच्या भाषेत सांगायचे तर मध्य सप्तकातला षड्ज आत गेला आणि तार सप्तकातला षड्ज बाहेर आला.

संगीताचे नाव निघालेच आहे तर मिरजेपर्यंत जाऊन येऊ. मिरजेचा तंबोरा प्रसिद्ध आहे. त्याच्या घोडीवर तार नुसती टेकलेली नसते. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ‘जवारी’ लावतात. तार हलताना घोडीला चाटत राहते, त्यामुळे तिची हालचाल साधी राहत नाही आणि मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकांतले स्वर निनादू लागतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात याच करामतीचा विचार आहे. स्फटिकातही असेच घडते. प्रकाश म्हणजे विद्युत्‌क्षेत्राचे हेलकावे. त्या हेलकाव्यांनी स्फटिकातले इलेक्ट्रॉन डोलतात. प्रकाश मंद असेल तर जितका धक्का तितके डोलणे, असे सरळ प्रमाण असते. लेसरचा धक्का जबरदस्त असतो. त्याने प्रमाण बिघडते आणि डोलण्यात दुप्पट कंप्रतेचा स्वर मिसळतो. प्रमाण सरळ रेषेत राहत नाही म्हणून या शास्त्राला अरैखिक प्रकाशकी म्हणतात.

मात्र प्रत्येक स्फटिकाला हे जमत नाही. इलेक्ट्रॉन डावीकडे जितका सहज झुकतो तितकाच उजवीकडे झुकत असेल, तर दुप्पट कंप्रतेचा स्वर उठतच नाही. म्हणजे स्फटिकाची आतली मांडणी एकांगी हवी. मीठ येथे नापास. तुरटी नापास. क्वार्ट्‌झ उत्तीर्ण. आणि आपल्या घरातली साखर? साखरसुद्धा उत्तीर्ण! साखरेच्या स्फटिकात रेणू अशा एकांगी रीतीने रचलेले असतात, की त्यावर लेसरचा प्रखर झोत टाकला तर दुप्पट कंप्रतेचा प्रकाश निघतो. झोत तुमच्याजवळ नसेल. पण साखरेच्या या एकांगीपणाशी ज्याचा संबंध जोडला जातो, असा एक प्रयोग रात्री घरी करता येतो. खोलीत पूर्ण काळोख करा, डोळे दहा मिनिटे काळोखाला सरावू द्या आणि खडीसाखरेचा मोठा खडा पक्कडीने फोडा. क्षणभर निळसर चमक दिसेल. फ्रान्सिस बेकन याने १६२० सालच्या ग्रंथात साखरेच्या या चमकेची नोंद केली आहे.

लेसर प्रथम चमकला १९६० साली, अमेरिकेत थिओडोर मायमनच्या हातून. लगेच पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्‌झमधून सोडला आणि ६९४.३ नॅनोमीटरमधून ३४७.२ नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश मिळवला. मिळाला तो इतका अल्प, की छायाचित्रावर त्याचा फक्त एक बारीक ठिपका उमटला. आणि छापताना तो ठिपका डाग समजून कुणीतरी पुसून टाकला! शोध ज्या ठिपक्यात होता तो ठिपकाच नसलेले चित्र त्या नियतकालिकात आजही पाहायला मिळते.

इतका अल्प का मिळाला? येथे स्फटिकाची खरी परीक्षा आहे. लेझमाची एक लांब रांग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांचा ठेका एक असेल तर आवाज दुमदुमतो. मागच्यांचा ठेका पुढच्यांपेक्षा किंचित सरकला तर नुसता गोंधळ होतो. स्फटिकात अवरक्त तरंग पुढे जाताना जागोजागी हिरवा तरंग जन्माला घालतो. पण हिरव्याचा वेग अवरक्तापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून आधी जन्मलेला हिरवा आणि नंतर जन्मलेला हिरवा यांचा ठेका चुकतो. केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात ते एकमेकांना खोडू लागतात. यावर उपाय असा, की दुहेरी अपवर्तन करणारा स्फटिक घ्यायचा. त्यात वेगवेगळ्या दिशांना कंप पावणाऱ्या तरंगांचे वेग वेगळे असतात. स्फटिक नेमक्या कोनात कापला तर अवरक्त आणि हिरवा हे दोघे बरोबरीने चालू लागतात. कोनात अंशाच्या काही भागाची चूक झाली तरी काम बिघडते. आणि स्फटिकात कुठे भेग, ढग किंवा परका कण असेल तर कोन कितीही अचूक असून उपयोग नाही.

आता बोरेट स्फटिकांकडे वळू. एक बोरॉन आणि भोवती तीन ऑक्सिजन असा सपाट त्रिकोण हा त्यांचा घटक. हे त्रिकोण स्फटिकात एकाच बाजूला तोंड करून ओळीने बसले की एकांगीपणा आपोआप येतो. शिवाय बोरॉन-ऑक्सिजनाचे बंध बळकट असल्यामुळे हे स्फटिक जंबुपार प्रकाशातही पारदर्शक राहतात आणि प्रखर झोतालाही टिकतात. इट्रियम-ॲल्युमिनियम बोरेटात आणखी एक सोय आहे. त्यातल्या काही इट्रियम अणूंच्या जागी निओडिमियम किंवा इटर्बियम बसवता येते. या मूलद्रव्यांचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेत, जणू माजघरात असतात. ओसरीवरच्या शेजाऱ्यांची गडबड त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नाही. म्हणून त्यांचा प्रकाश ठरलेल्या तरंगलांबीचा असतो आणि लेसरला तोच लागतो. म्हणजे एकच स्फटिक अवरक्त लेसरही होतो आणि स्वतःच त्या प्रकाशाची कंप्रता दुप्पटही करतो. सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या कुटुंबातले स्फटिक वाढवून त्यांचे गुण तपासले आणि १९८१ मध्ये अशा एका स्फटिकातून स्वतःची कंप्रता स्वतःच दुप्पट करणारा लेसर चालवून दाखवला. पुढे एक अडचण दिसून आली. निओडिमियम हिरवा प्रकाश थोडासा गिळतो, म्हणजे आपणच शिजवून आपणच चाखावे तसा प्रकार! इटर्बियम दृश्य प्रकाश गिळत नाही, म्हणून नंतर त्याच्याकडे लक्ष गेले.

हा स्फटिक वाढवतात कसा? साधा वितळवून गोठवता येत नाही. वितळण्याआधीच तो मोडतो आणि दुसरीच संयुगे बनतात. म्हणून आपल्या सोनाराचीच युक्ती करावी लागते. बोरॉनचे ऑक्साइड आणि पोटॅशियम मॉलिब्डेट यांच्या वितळलेल्या मिश्रणात इट्रियम व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे विरघळवायची. सवागी तांब्याचे ऑक्साइड पोटात घेते, तसेच हे. मूस प्लॅटिनमची, तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास. मग वरून एक छोटा बीज-स्फटिक द्रावात टेकवायचा आणि भट्टी दिवसाला एखाददुसरा अंश अशी थंड करीत आठवडेच्या आठवडे थांबायचे. मध्येच वीज गेली तर साऱ्यावर पाणी. हातात काय येते? कधी दोन-तीन सेंटिमीटरचा स्वच्छ स्फटिक, कधी नुसता गढूळ खडा.

आता खनिजाचा प्रश्न. आपल्या वाळूत विरल मृत्तिका भरपूर आहेत असे तुम्ही अलीकडे फार ऐकले असेल, आणि ते खरे आहे. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर येथील किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भारताचे साठे ६९ लाख टन धरले आहेत. जगाच्या उत्पादनात मात्र आपला वाटा १ टक्काही नाही. केरळात आलुवा येथे विरल मृत्तिकांचा कारखाना १९५२ सालापासून आहे, म्हणजे सुरुवात आपण उशिरा केली असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने इट्रियम, गॅडोलिनियम यांसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा ‘आपली वाळू काढा’ असा गजर सुरू झाला. वाळू काढावीच, चुंबकांसाठी टनावारी निओडिमियम लागते. पण स्फटिकांपुरता हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. इट्रियम-ॲल्युमिनियम बोरेटाच्या रेणुसूत्रात १ इट्रियम, ३ ॲल्युमिनियम, ४ बोरॉन व १२ ऑक्सिजन असतात. अणुभार अनुक्रमे ८९, २७, ११ व १६ धरा. बेरीज ४०६ येते, त्यात इट्रियम ८९. म्हणजे १० ग्रॅम वजनाच्या स्फटिकात इट्रियम किती? जेमतेम सव्वादोन ग्रॅम. सव्वादोन ग्रॅम इट्रियमसाठी कोणाचे अडत नाही. अडते ते पुढच्या आठ आठवड्यांसाठी.

चीनची गोष्टही नीट ऐकली पाहिजे. तेथील बोरेट स्फटिकांचा बोलबाला खाणीमुळे झाला नाही. बीजिंगपासून दूर फूजौ गावी १९६० साली निघालेल्या एका संस्थेत चेन च्वांगथ्येन आणि त्यांचे सहकारी ‘कोणत्या अणुगटाने कंप्रता दुप्पट होईल’ याचा हिशेब वर्षानुवर्षे करीत राहिले आणि बरोबरीने स्फटिक वाढवीत राहिले. त्यातून १९८० च्या दशकात बेरियम बोरेट आणि लिथियम बोरेट हे दोन स्फटिक जगापुढे आले. आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत ते आहेत. दोहोंत विरल मृत्तिका औषधालाही नाही! पुढे त्यांनी एक बेरिलियमयुक्त बोरेट असा वाढवला, की २०० नॅनोमीटरच्या खालचा जंबुपार प्रकाश त्यातून थेट मिळू लागला. तो परदेशी संशोधकांना मिळेनासा झाल्याची चर्चा २००९ साली ‘नेचर’ने केली होती. ज्या देशांना पैसा कमी नव्हता, त्यांनाही तो स्फटिक आपल्या घरी पटकन वाढवता आला नाही.

आपल्याकडे कोणी काहीच करीत नाही असे मात्र समजू नका. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातले स्फटिकवर्धन केंद्र येथे हे काम चालते. पण तेथे जाणारा विद्यार्थी पंचविशीत पहिल्यांदा मूस हातात धरतो. ठेका धरायला तो उशीरच आहे.

आता कोल्हापूर. येथल्या साखर कारखान्यात पॅनमन नावाचा माणूस असतो. निर्वात पॅनमध्ये उसाचा रस आटतो आणि संपृक्ततेच्या पुढे जातो. थोडा पुढे गेला तर टाकलेले बीज-दाणे शांतपणे वाढतात. फार पुढे गेला तर न बोलावलेले लाखो बारीक दाणे धरतात, ज्याला कारखान्यात ‘फॉल्स ग्रेन’ म्हणतात आणि सारी घाण बिघडते असे समजतात. हा मधला अरुंद पट्टा सांभाळणे हेच पॅनमनचे कसब. तो नमुना काढतो, काचपट्टीवर पसरतो, उजेडाला धरून दाणा पाहतो. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रे मापे घेतात, तरी जुन्या पॅनमनच्या नजरेला मान आहे. गुऱ्हाळातला गुळव्या तर काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बोटांत फिरवतो आणि काहील उतरवण्याचा क्षण सांगतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या बोटांचा वाटा मोठा आहे. पॅनमनला कोट्यवधी दाणे हवे असतात आणि प्रकाशकीवाल्याला एकच हवा असतो, एवढा फरक सोडला तर दोघांचे शास्त्र एक आहे: अतिसंपृक्त द्राव, बीज, मंदगती आणि अशुद्धीवर नजर.

आणि शाळेत? पॅनमनचा मुलगा दहावीत ‘संपृक्त द्रावण’ याची व्याख्या पाठ करतो. ती वडिलांच्या कामाशी जोडलेली आहे हे त्याला कोणी सांगत नाही. सोनाराची मुलगी बोरॅक्सचे सूत्र घोकते. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती दर वर्षी फसफसते, कारण ती एका संध्याकाळी तयार होते. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक हायस्कुलात आठवी-नववीच्या मुलांनी सहा महिने एक स्फटिक वाढवावा, रोजचे तापमान वहीत टिपावे, आणि वर्षातून एकदा गावातल्या सोनाराला व पॅनमनला वर्गात बोलावून त्यांना प्रश्न विचारावेत. पाहुणे म्हणून हार घालायला नव्हे, शिकवायला.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, गुण कोण देणार? अडचण खरी आहे. पण या प्रयोगाला तासिका लागत नाहीत. दिवसाला दोन मिनिटे लागतात. दुसरा आक्षेप जाणत्या विद्यार्थ्याचा असेल: आता थेट हिरवा प्रकाश देणारे अर्धवाहक लेसर निघाले आहेत, मग स्फटिकांचे दिवस संपले नाहीत का? हिरव्यापुरते काही अंशी संपत आले आहेत. पण जंबुपार झोत, अतिशय प्रखर झोत यांसाठी आजही कंप्रता दुप्पट-तिप्पट करणाऱ्या स्फटिकांनाच शरण जावे लागते.

स्फटिक कळला की निदान डोळे वाचतात, हेही सांगतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकीतल्या लेसरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्या तरुणांच्या बातम्या महाराष्ट्रात आल्या आणि पुढे ठिकठिकाणी अशा झोतांना मनाई झाली. हिरव्या टॉर्चमध्ये आणखी एक धोका लपलेला असतो. अवरक्त प्रकाशाचा जो भाग हिरवा होत नाही तो गाळणीने अडवावा लागतो. स्वस्त टॉर्चमध्ये ती गाळणीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये अशी एक टॉर्च तपासली, तर हिरव्याच्या जवळजवळ दहापट अवरक्त बाहेर पडत होते. हिरवा मंद दिसतो, म्हणून मुले बिनधास्त पाहतात. तुम्ही पाहू नका, दुसऱ्याच्या तोंडावरही धरू नका.

प्रयोगाकडे येतो. सुरुवात तुरटीने करा. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा, गाळा, थंड होऊ द्या. तळाशी बसलेल्या खड्यांतला सर्वांत स्वच्छ, नीट कोनांचा खडा निवडा आणि बारीक धाग्याने तो दुसऱ्या गाळलेल्या संपृक्त द्रावणात लटकवा. तोंडावर कागद बांधा. धूळ म्हणजे न बोलावलेले बीज. खरा शत्रू तापमान. दुपारी द्रावण तापते आणि खडा थोडा विरघळतो, रात्री गारठते आणि घाईने वाढतो, आणि प्रत्येक दिवसाचा एक ढगाळ पडदा आत राहून जातो. म्हणून बरणी पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवा आणि पातेल्याभोवती गोणपाट गुंडाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा इतकी दमट असते, की पाणी उडतच नाही. तेव्हा दसऱ्यानंतर सुरू करा. तुरटी जमली की खडीसाखर घ्या. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळते. पाक दाट असतो, स्फटिक फार सावकाश वाढतो आणि चिडचिड होते. पाक करताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

शेवटी तपासणी. बिघडलेल्या जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची धुरकट पट्टी शिक्षकांकडून सोडवून घ्या आणि तिचे दोन तुकडे करा. ते एकमेकांवर ठेवून एक फिरवत न्या. एका स्थितीत पूर्ण काळोख होईल. त्या काळोखात मध्ये तुरटीचा खडा धरला तर काळोखच राहतो. खडीसाखरेचा धरला तर तो उजळतो, कडेला रंगही दिसतात. तरंगांना बरोबरीने चालवायला लागणारे दुहेरी अपवर्तन साखरेत आहे आणि तुरटीत नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. खडा फिरवून कोणत्या कोनात तो किती उजळतो हे वहीत टिपा, आणि आत ढग दिसले तर त्या दिवसांचे तापमान काढून पाहा. दिवाळीच्या सुट्टीत बरणी शाळेत कुलपाआड राहणार आहे. त्या दिवसांचे तापमान कोण टिपणार, हे मात्र आधीच ठरवून ठेवा.